फॅसिलिटी मॅनेजरांच्या असोसिएशनची मेंबरशिप घ्यावी का? (आयएफएमए, एफएमपी वगैरे)

खराडी_साइट

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथलं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच.

मी खराडीत एका आयटी कॅम्पसवर असिस्टंट फॅसिलिटी मॅनेजर आहे, आयएफएम (इंटिग्रेटेड फॅसिलिटी मॅनेजमेंट, इमारतीच्या सगळ्या सेवा एकत्र सांभाळणारी) कंपनीच्या पेरोलवर, म्हणजे क्लायंट वेगळा आणि आम्ही वेंडर. शिक्षण हॉटेल मॅनेजमेंट, कोल्हापूरला, आधी हॉटेलात हाउसकीपिंग केलं आणि मग कॉर्पोरेटमध्ये आले, त्यामुळे सॉफ्ट सर्व्हिसेस, पँट्री, कॅफेटेरिया, हेल्पडेस्क, महिन्याच्या रिव्ह्यूचं प्रेझेंटेशन हे सगळं हातातलं काम आहे. चिलर (एसीचं पाणी थंड करणारं यंत्र), डीजी (डिझेल जनरेटर), एचटी पॅनल (हाय टेन्शन विजेचं), एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) हे मात्र शिफ्ट इंजिनिअर सांगतो तसं समजून घेते आणि वर रिपोर्ट करते.

आता मुद्दा असा की क्लायंटकडच्या एफएम हेड मॅडमनी परवा सांगितलं की तू आयएफएमएची मेंबर हो, पुढे क्लायंट साइडला यायचं असेल तर उपयोग होईल. आमचे टेक्निकल मॅनेजर म्हणतात कशाला, वर्षाची वर्गणी डॉलरमध्ये भरायची आणि बदल्यात ईमेल येणार, त्यापेक्षा एखादा चांगला कोर्स कर. एचआर म्हणतं सर्टिफिकेटचे पैसे परत देऊ पण मेंबरशिपचे नाही, पॉलिसीत बसत नाही. आणि यूट्यूबवर बघायला गेलं की एफएमपी, सीएफएम, एसएफपी, नीबॉश, लीड एवढी नावं येतात की यातलं मेंबरशिप कुठली, परीक्षा कुठली, आधी काय नंतर काय काहीच कळत नाही.

घरचा हप्ता चालू आहे त्यामुळे एका वर्षात दोन्हीकडे पैसे घालणं मला जमणार नाही. ज्यांनी मेंबरशिप घेतलीय त्यांना तिचा प्रत्यक्ष कामात काय उपयोग झाला ते सांगा. न घेताही कुणाचं नीट चाललं असेल तर तेही सांगा.

---

ऐरोली_एफएम

ताई, स्वागत. आधी गोंधळ सोडवू, कारण मेंबरशिप आणि क्रेडेन्शियल या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि ट्रेनिंग विकणारे मुद्दाम एकत्र करून सांगतात.

आयएफएमए म्हणजे इंटरनॅशनल फॅसिलिटी मॅनेजमेंट असोसिएशन, 1980 ची संस्था, मुख्यालय अमेरिकेत ह्यूस्टनला. मेंबरशिप म्हणजे वर्षाची वर्गणी, ती भरली की तू सभासद, बस. त्याला परीक्षा नाही आणि त्यामुळे नुसत्या मेंबरशिपवरून तुला काम येतं असं कुणीच म्हणणार नाही. एफएमपी हे क्रेडेन्शियल आहे, त्याचे चार कोर्स असतात, ऑपरेशन्स अँड मेंटेनन्स, प्रोजेक्ट मॅनेजमेंट, फायनान्स अँड बिझनेस, आणि लीडरशिप अँड स्ट्रॅटेजी. प्रत्येकाची परीक्षा पास व्हायची, चारही झाले की नावापुढे एफएमपी लागतं आणि ते दर काही वर्षांनी रिन्यू करावं लागत नाही. एसएफपी हे तसंच पण सस्टेनेबिलिटीचं. सीएफएम ही त्याहून वरची परीक्षा, 1992 पासून चालू आहे, ती अनुभवी माणसांसाठी, एकच मोठी परीक्षा आणि दर तीन वर्षांनी पॉइंट दाखवून रिन्यू करायची. हे यातलं काहीही करायला मेंबर असावंच लागतं असं नाहीये! मेंबरला फी कमी पडते एवढंच.

म्हणून तू आधी हिशोब कर. एफएमपी करायचंच असेल तर मेंबरची फी आणि नॉन-मेंबरची फी यातला फरक बघ, आणि तो फरक वर्गणीच्या जवळपास जात असेल तर त्याच वर्षी मेंबरशिप घे म्हणजे ती जवळजवळ सुटली. एचआरला पण हेच दाखवता येतं, की मेंबरशिप घेतल्यामुळे तुमचं सर्टिफिकेटचं बिल एवढ्याने कमी होतंय, तर दोन्ही एकाच बिलात मंजूर करा. माझ्या ओळखीत हे चालून गेलंय.

आणि तुझ्यासारखं सॉफ्ट सर्व्हिसेसमधून वर आलेल्यांना चारपैकी सगळ्यात जास्त फायदा फायनान्सचा होतो असं माझं ठाम मत आहे. कारण क्लायंट साइडला बसल्यावर तुला फरशी चकाचक आहे का हे कुणी विचारत नाही, विचारतात की हा एएचयू (एसीची हवा खेळवणारं युनिट) दुरुस्त करायचा की बदलायचा, बदलला तर कॅपेक्समध्ये (भांडवली खर्चात) जाणार की ओपेक्समध्ये (चालू खर्चात), पुढच्या दहा वर्षांत वीज आणि एएमसी (वर्षाचा देखभाल करार) धरून कुठला पर्याय स्वस्त. ही भाषा आपल्याला साइटवर कुणी शिकवत नाही, वेंडरला तर क्लायंटचं बजेट दाखवतच नाहीत.

---

जुना_शिफ्ट_इंजिनिअर

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

मेंबरशिप वाईट नाही, पण मॅडम तुमचं स्वतःचंच वाक्य परत वाचा, चिलर डीजी एचटी शिफ्ट इंजिनिअर सांगतो तसं रिपोर्ट करते. मग पहिला पैसा आणि पहिलं वर्ष तिथेच जायला पाहिजे. रात्री ट्रान्सफॉर्मरचा ब्रेकर ट्रिप झाला, डीजीने लोड घेतला नाही आणि यूपीएसची बॅटरी उतरत चालली की असोसिएशनचं कार्ड दाखवून ब्रेकर बसत नाही. त्या वेळी कुणाला आधी फोन करायचा, सर्व्हर रूमचा एसी कुठल्या फीडरवर आहे, कुठला लोड आधी कापायचा हे मॅनेजरला माहीत पाहिजे, पाना हातात घ्यायची गरज नाही पण निर्णय तिचा असतो.

असोसिएशनच घ्यायची तर इशरे बघा, आयएसएचआरएई, एसी आणि रेफ्रिजरेशनवाल्या इंजिनिअरांची आपल्या देशातली संस्था, 1981 पासूनची, पुण्यात तिचा चॅप्टर, म्हणजे स्थानिक शाखा, आहे. मंडळी तांत्रिक आहेत, पण व्याख्यानाला जाऊन बसलात तर कूलिंग टॉवर, अप्रोच टेंपरेचर, व्हीएफडी हे शब्द कानावर पडतात आणि मग शिफ्ट इंजिनिअर काय लपवतोय तेही कळायला लागतं. एनर्जी मॅनेजरची बीईईची (ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिएन्सीची) परीक्षा कुणी सुचवली तर लगेच पैसे भरू नका, ती इंजिनिअर, डिप्लोमा आणि काही सायन्सवाल्यांसाठी असते, हॉटेल मॅनेजमेंटला पात्रता बसणार नाही. लीड ग्रीन असोसिएट या ग्रीन बिल्डिंगच्या सर्टिफिकेटला मात्र अशी शिक्षणाची अट नाही, दर दोन वर्षांनी 15 तासांचं शिक्षण दाखवून ते चालू ठेवावं लागतं.

दुसरं, कायदा. आपल्याकडे महाराष्ट्रात 2006 चा फायर प्रिव्हेन्शनचा कायदा आहे, त्यात लायसन्स्ड एजन्सीकडून फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) घेऊन जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. तुमच्या साइटचा शेवटचा फॉर्म बी कधी गेला आणि त्याआधी एजन्सीने फायर पंप चालवून बघितला की नुसती सही करून गेली, हे तुम्हाला माहीत आहे का? लिफ्टसाठी 2017 चा वेगळा कायदा आहे. एसटीपीचं एमपीसीबीचं (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) कन्सेंट आहे, त्यातल्या अटी वाचल्यात का? ह्यूस्टनचं पुस्तक जगभरासाठी लिहिलेलं असतं, त्यात हे सापडणार नाही. नॅशनल बिल्डिंग कोड 2016 मध्ये पार्ट 12 अख्खा असेट अँड फॅसिलिटी मॅनेजमेंटवर आहे, आपल्या देशाचा, आणि आपल्या फील्डमधल्या बहुतेकांनी तो उघडूनही पाहिलेला नसतो याचं मला खरंच वाईट वाटतं. तो वाचा आधी.

---

ऐरोली_एफएम

इंजिनिअर साहेबांचा पार्ट 12 चा मुद्दा शंभर टक्के मान्य. आयएसओ 41001 पण यादीत टाका, 2018 मध्ये आलेलं एफएमचंच मॅनेजमेंट सिस्टिम स्टँडर्ड आहे आणि मोठ्या क्लायंटच्या टेंडरमध्ये आता त्याचा उल्लेख दिसतो.

पण एक सांगते साहेब, टेक्निकल शिकायचं म्हणून ती चार वर्षं प्लांटरूममध्येच राहिली तर तिला कुणी तिथून वर घेणार नाही, बायकांच्या बाबतीत तर हे आम्ही फार बघितलंय, सॉफ्टवाल्या म्हणून एकदा शिक्का बसला की टेक्निकलचं कितीही शिका रिव्ह्यूमध्ये प्रश्न शेजारच्या पुरुषालाच विचारतात. त्या ठिकाणी नावापुढची अक्षरं उपयोगी पडतात. पडायला नकोत, पण पडतात.

---

ठाण्याची_सोसायटी

मी कॉर्पोरेटमध्ये नाही, घोडबंदर रोडला एका मोठ्या हाउसिंग कॉम्प्लेक्सचा इस्टेट मॅनेजर आहे. इथे कुणी एफएमपी विचारत नाही, कमिटी बदलली की मॅनेजर बदलतो अशी परिस्थिती. तरी मी सांगतो असोसिएशन, ग्रुप, काहीही म्हणा, त्याचा उपयोग एकाच गोष्टीत होतो आणि ती गोष्ट पैशात मोजता येते. भाव कळतो.

उदाहरण देतो. एसटीपीची एएमसी रिन्यू करायची होती, वेंडरने एकदम रेट वाढवला आणि कारण सांगितलं मेंब्रेन, ब्लोअर, केमिकल, सगळं महाग झालंय. कमिटी म्हणाली मॅनेजर काय करतो. मी आमच्या भागातल्या इस्टेट मॅनेजर लोकांच्या ग्रुपवर विचारलं, सारख्याच क्षमतेच्या प्लांटला तुम्ही काय देता, स्कोपमध्ये काय काय आहे, ऑपरेटर किती शिफ्टला. संध्याकाळपर्यंत उत्तरं आली आणि कळलं की आमच्या रेटमध्ये तिन्ही शिफ्टचे ऑपरेटर धरलेत पण रात्री माणूस येतच नाही. मग वेंडरशी बोलणं सोपं झालं. आता हे मला कुठल्याही कोर्समध्ये शिकवलं नसतं.

तेव्हा खराडी ताई, मेंबरशिप घ्यायच्या आधी एकच बघा, त्या चॅप्टरमधली माणसं एकमेकांना असं खरं सांगतात का, की नुसतं स्टेजवर सत्कार आणि फोटो. आकडे न सांगणारी संस्था असेल तर तिची वर्गणी वाया गेली समजा.

---

देइरा_दुबई

दुबईतून लिहितोय, मूळ चिपळूणचा. इकडे चित्र वेगळं आहे म्हणून सांगतो, कारण आपल्याकडची बरीच मुलं चार-पाच वर्षांनी गल्फला यायचा विचार करतात.

इथे जाहिरातीत सीएफएम किंवा एफएमपी प्रिफर्ड असं लिहिलेलं सर्रास दिसतं, आणि सीव्ही पहिल्यांदा चाळणारा माणूस आपल्या फील्डचा नसतो, तो शब्द शोधतो. त्यामुळे गल्फ डोक्यात असेल तर क्रेडेन्शियल आधी. मेंबरशिपचं म्हणाल तर इथली मिडल ईस्टची वेगळी संस्था आहे, मेफमा, 2009 ची, कारण इथले प्रश्न इथलेच. उन्हाळ्यात 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम बंद ठेवावं लागतं, कायदाच आहे, मग फसाड क्लीनिंगचं रोप अॅक्सेसचं शेड्यूल, टेरेसवरच्या युनिट्सचं पीपीएम (ठरलेल्या वेळची देखभाल) हे सगळं पहाटे किंवा रात्री हलवायचं, त्याचं मॅनपॉवर कॉस्टिंग कसं करायचं, क्लायंटशी एसएलए (सेवेच्या दर्जाचा करार) कसा लिहायचा, हे स्थानिक लोकच सांगू शकतात. सांगायचा मुद्दा, जिथे काम करतोस तिथल्या माणसांची संस्था धर. सर्टिफिकेट सोबत विमानात येतं पण चॅप्टरमधल्या ओळखी तिथेच राहतात.

अजून एक, कृपा करून भलत्याच कुठल्यातरी "ग्लोबल" नावाच्या संस्थेकडून दोन दिवसांत मिळणारं सर्टिफाइड फॅसिलिटी मॅनेजरचं कागद घेऊ नका. नाव सीएफएमसारखंच ठेवतात. परीक्षा कोण घेतं, आधी पास झालेल्यांची नावं कुठे तपासता येतात, जाहिरातीत कुणी त्या संस्थेचं नाव लिहितं का, हे बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. इथे आलेली दोन-तीन मुलं अशी फसलेली पाहिलीत आणि पैसे आईबापांचे होते.

---

लीड्सहून

यूकेचं थोडक्यात. इथे आयडब्ल्यूएफएम ही फॅसिलिटी मॅनेजरांची संस्था आहे, पूर्वी बीआयएफएम म्हणायचे, 2018 ला नाव बदललं. इथे मेंबरशिपलाच ग्रेड असतात, असोसिएट, मेंबर, मग वरचे, आणि अनुभव दाखवून वर सरकायचं, म्हणजे आयएफएमएपेक्षा पद्धत वेगळी आणि नावापुढची अक्षरं मेंबरशिप चालू असेपर्यंतच वापरता येतात. ग्रेनफेल टॉवरची आग 2017 ची, त्यानंतर 2022 चा बिल्डिंग सेफ्टी अॅक्ट आला, तेव्हा उंच इमारतींची माहिती कशी ठेवायची, जबाबदारी कुणाची यावर संस्थेची सेशन्स आणि मार्गदर्शन फार कामाला आलं. कायदा बदलतो तेव्हा संस्थेचं मोल कळतं, एकट्याने तो सगळा कायदा वाचून साइटला लावणं शक्य नाही. भारतात राहणार असाल तर ही मेंबरशिप घ्यायचं कारण नाही.

---

खराडी_साइट

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

गल्फचा विचार नाही, पुण्यातच राहायचंय, दोन-तीन वर्षांत क्लायंट साइडला जायचंय. इंजिनिअर सर, फॉर्म बीचं तुम्ही विचारलंत म्हणून आज फाइल काढली, जुलैचा गेलेला आहे पण पंप टेस्टचं रीडिंग कुठेच जोडलेलं नाही, उद्या एजन्सीला बोलावलंय.

अजून एक विचारायचं होतं. चॅप्टरच्या मीटिंगला आमच्यासारख्या वेंडरच्या पेरोलवरच्या आणि ज्युनिअर माणसाला कोण बोलायला देणार? मी एकदा एका एफएमच्या सेमिनारला गेले होते, तिथे अर्धे लोक केमिकल आणि मशीन विकणारे आणि अर्धे मोठे हेड, मधलं कुणी नव्हतंच. आणि मेंबर न होता आधी जाऊन बघता येतं का?

---

ऐरोली_एफएम

बघता येतं. बहुतेक चॅप्टर पहिल्या एखाद्या कार्यक्रमाला पाहुणा म्हणून येऊ देतात, ईमेल टाकून विचार. एक लक्षात ठेव, आयएफएमएमध्ये मूळ मेंबरशिप वेगळी आणि चॅप्टर त्यात जोडून घ्यावा लागतो, त्याचे पैसे वेगळे. लोक मूळ मेंबरशिप घेतात, चॅप्टर घेतच नाहीत आणि मग म्हणतात काही उपयोग झाला नाही. आपल्यासारख्याला जो काही उपयोग आहे तो चॅप्टरमध्येच आहे, ऑनलाइन लेख तर इतरत्रही मिळतात.

विकणारे असणारच, त्यांच्या पैशावर हॉल आणि जेवण होतं, आणि चांगल्या वेंडरकडून शिकायलाही मिळतं, लाज बाळगू नकोस. बोलायला कोण देणार म्हणतेस तर कार्यक्रमाच्या कामात हात घाल. कमिटीत कायम माणसं कमी असतात, रजिस्ट्रेशन, साइट व्हिजिटची व्यवस्था, वक्त्याला आणणं-सोडणं, आणि तू हॉटेलमधून आलेली आहेस, हे तुझ्याइतकं नीट त्यांच्यातलं कुणी करणार नाही. एखाद्या मोठ्या कॅम्पसच्या हेडला हॉलपर्यंत घेऊन येताना गाडीत तासभर जे बोलणं होतं ते सेमिनारमध्ये दहा वर्षं बसून होत नाही. बाकी कुणाची ओळख करून घेताना कार्ड देऊन पळू नकोस, एक नेमका प्रश्न विचार. म्हणजे तुमच्याकडे एका हाउसकीपरमागे किती स्क्वेअर फूट धरता, वॉशरूम अटेंडंट वेगळे धरून की त्यातच, आठवड्यातून तीनच दिवस लोक ऑफिसला येतात तर पँट्रीची माणसं कशी फिरवता. हायब्रिड सुरू झाल्यापासून या प्रश्नाचं पक्कं उत्तर कुणाकडेच नाहीये, त्यामुळे मोठे हेड पण उत्सुकतेने बोलतात आणि तुझ्याकडे याची प्रत्यक्ष माहिती आहे, ती त्यांच्याकडे नसते.

वेंडरच्या पेरोलवर आहेस म्हणून एक सावधगिरी मात्र बाळग. क्लायंटचे रेट, लेआउट, सिक्युरिटीची माहिती बाहेर बोलायची नाही, एनडीएत (गोपनीयतेच्या करारात) असतं. रेशो बोल, पद्धत बोल, रक्कम नको.

---

जुना_शिफ्ट_इंजिनिअर

पंप टेस्टचं रीडिंग मागितलंत हे फार चांगलं केलंत मॅडम. एजन्सी आली की स्वतः पंप रूममध्ये उभ्या राहा, जॉकी पंप (लाइनमधलं प्रेशर टिकवणारा छोटा पंप) किती प्रेशरला कट-इन होतो, म्हणजे सुरू होतो, आणि मेन पंप किती प्रेशरला, ते लिहून घ्या, आणि डिझेल पंप तुमच्या समोर ऑटोवर सुरू करायला सांगा. बॅटरी उतरलेली सापडते बऱ्याचदा.

आणि चॅप्टरला जाणारच असाल तर मीही एक प्रश्न सुचवतो. तुमच्या कॅम्पसचा ईपीआय काढा, म्हणजे वर्षाची युनिट भागिले स्क्वेअर मीटरमध्ये एरिया, डीजीची युनिट धरून, बीईईचं ऑफिस बिल्डिंगचं स्टार रेटिंग याच आकड्यावर असतं. बिलं तुमच्याकडे असतीलच, नसतील तर अकाउंट्सकडे मिळतील. क्लायंटची परवानगी घेऊन तो आकडा सोबत न्या आणि विचारा तुमचा किती. उत्तर ऐकताना एसीचे तास, सर्व्हर रूमचा लोड, किती सीट भरलेल्या हे पण विचारा, नाहीतर तुलना चुकते. त्या एका आकड्यातून तुम्हाला तुमचं चिलर प्लांट जेवढं समजेल तेवढं मी इथे लिहून समजावू शकत नाही. काढलात की इथे टाका, रक्कम नको, फक्त युनिट आणि तास, मी बघून सांगतो कुठे शोधायचं.

---

खराडी_साइट

मॅडमची परवानगी मिळाली, पण नाव न टाकता. वीज बिलं बारा महिन्यांची मिळालीत, डीजीचं लॉगबुक मागच्या डिसेंबरचं सापडत नाहीये, शिफ्टवाले शोधतायत. एफएमपीचा फायनान्सचा कोर्स आधी घेतेय, एकेक कोर्स सुटा घेता येतो असं कळलं, आणि एचआरला ऐरोली ताईंनी सांगितलं तसं दोन्ही फींचा फरक दाखवून मेल टाकलाय. कॉमन पार्किंगचा एरिया ईपीआयमध्ये धरायचा का सर?

---

जुना_शिफ्ट_इंजिनिअर

बेसमेंट पार्किंग धरू नका, बिल्ट-अप एरिया घ्या, पार्किंग आणि लॉन सोडून. पार्किंगच्या दिव्यांना आणि व्हेंटिलेशन फॅनला वेगळा मीटर असेल तर ती युनिट वेगळी लिहून ठेवा, फॅन रात्रभर चालू असतात का तेही बघून या.